मिनिनेटचे तयार आभासी यंत्र : एका पूर्वतयारीची चिकित्सा

संगणक-जाळ्यांच्या अध्यापनात एक जुनी अडचण आहे. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत द्रावणाचा रंग बदललेला दिसतो, वनस्पतिशास्त्रात पानाचा छेद सूक्ष्मदर्शकाखाली धरता येतो. जाळ्यात मात्र जे घडते ते तारेच्या आत घडते आणि सेकंदाच्या हजाराव्या भागात संपून जाते. ते दाखवायचे तर निदान चार-सहा संगणक, दोन-तीन स्विच, एखादा राउटर आणि हे सर्व मोडून पुन्हा जोडण्याची मोकळीक हवी. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत संगणक असतात, मोकळीक नसते. ज्या संगणकाचे जाळे सकाळच्या बॅचने मोडले, त्याच संगणकावर दुपारी दुसऱ्या वर्गाचे प्रात्यक्षिक असते.

गेल्या पंधरा वर्षांत या अडचणीवर एक उत्तर बरेच रूढ झाले. विद्यार्थ्याच्या एकाच संगणकात लिनक्सचे एक आभासी यंत्र उभारावे आणि त्या यंत्राच्या पोटात संपूर्ण जाळे वसवावे, असे ते उत्तर. स्टॅनफर्ड विद्यापीठातील बॉब लँट्झ, ब्रँडन हेलर आणि निक मॅककिऑन यांनी २०१० मध्ये ‘हॉटनेट्स’ या कार्यशाळेत मांडलेले मिनिनेट हे या विचाराचे ठळक उदाहरण होय. लॅपटॉपमध्ये मावणारे जाळे, हा त्यांच्या निबंधाच्या शीर्षकाचाच आशय होता. २००८ मध्ये ओपनफ्लो ही संहिता पुढे आली आणि स्विचची निर्णयबुद्धी स्विचमधून काढून एका स्वतंत्र नियंत्रक आज्ञावलीकडे सोपवण्याचा विचार रुजला. तो विचार शिकण्यासाठी प्रत्यक्ष ओपनफ्लो स्विच विकत घेणे बहुतेक संस्थांना शक्य नव्हते. मिनिनेटने ती उणीव विनामूल्य भरून काढली.

मिनिनेटबरोबर दोन पाठ्ये दिली जातात. आभासी यंत्र कसे सुरू करावे याची टिपणे हे पहिले, आणि मिनिनेट कसे वापरावे याचा क्रमवार परिचयपाठ हे दुसरे. प्रस्तुत लेखाचा विषय या दोहोंमधील संबंध हा आहे. परिचयपाठ हा अध्यापनाचा उत्तम नमुना आहे. पूर्वतयारीची टिपणे मात्र अध्यापन म्हणून लिहिलेलीच नाहीत. ती दार उघडण्याच्या सूचना म्हणून लिहिलेली आहेत. विद्यार्थ्याला भेटणारे पहिले खरे जाळे मात्र याच टिपणांत असते, आणि तेथेच त्याला कोणी काही शिकवत नाही.

परिचयपाठाचे सामर्थ्य

प्रथम गुणांचा विचार करणे न्याय्य ठरेल. मिनिनेट सुरू करणारी एक छोटी आज्ञा दिली की दोन होस्ट, एक स्विच आणि एक नियंत्रक असे किमान जाळे क्षणार्धात उभे राहते. यात जादू नाही. लिनक्सच्या गाभ्यात नेटवर्क नेमस्पेस नावाची सोय आहे. तिच्यामुळे एकाच यंत्रावरील निरनिराळ्या प्रक्रियांना आपापले स्वतंत्र इंटरफेस, स्वतंत्र पत्ते आणि स्वतंत्र मार्ग-तक्ते मिळतात. मिनिनेटचा प्रत्येक होस्ट म्हणजे अशा एका नेमस्पेसमध्ये चालणारी साधी शेल प्रक्रिया. आभासी इथरनेटच्या जोड्या या तारांचे काम करतात आणि ओपन व्हीस्विच हा स्विचचे. संपूर्ण संगणकाचे सोंग प्रत्येक होस्टसाठी आणावे लागत नसल्याने साध्या लॅपटॉपवरही मोठे जाळे उभे करता येते.

पाठाचा कस मात्र या सोयीत नसून तो विद्यार्थ्याला काय पाहायला लावतो यात आहे. पहिल्या होस्टवरून दुसऱ्याला एकदा पिंग करावे, मग तेच पुन्हा करावे, असे पाठ सांगतो. पहिल्या वेळी लागणारा काळ दुसऱ्या वेळेपेक्षा बराच जास्त असतो. का, याचे उत्तर पाठ तेथल्या तेथे देतो : पहिल्या वेळी एआरपीची पृच्छा निघाली, स्विचला काय करावे हे ठाऊक नव्हते, त्याने ते पॅकेट नियंत्रकाकडे पाठवले, नियंत्रकाने उत्तर दिले आणि नियम स्विचमध्ये बसला. दुसऱ्या वेळी नियम तयारच होता. केवळ दोन ओळींच्या प्रयोगातून नियंत्रण आणि वहन यांची फारकत विद्यार्थ्याच्या डोळ्यांसमोर उभी राहते. फळ्यावर आकृती काढून हेच समजावण्यात अर्धा तास जातो आणि तरीही विश्वास बसत नाही.

दुसरे उदाहरण याहून साधे आणि म्हणूनच अधिक चांगले आहे. प्रत्येक दुव्यावर १० मिलिसेकंदांचा विलंब लावला तर पिंगचा जाऊन-येऊन काळ सुमारे ४० मिलिसेकंद येतो. विद्यार्थी २० ची अपेक्षा करतो. जाताना दोन दुवे आणि येताना दोन, हे ध्यानात आले की होस्ट आणि होस्ट यांच्यामध्ये स्विच ‘आहे’ ही गोष्ट त्याला प्रथमच कळते. तोवर ती आकृतीतील एक चौकट असते.

पाठाचा प्रामाणिकपणाही उल्लेखनीय आहे. मिनिनेटच्या होस्टवर प्रक्रियांची यादी मागितली तर संपूर्ण आभासी यंत्राची यादी दिसते, कारण येथे केवळ जाळे वेगळे केलेले आहे; प्रक्रिया आणि फाइली सामायिकच आहेत. ही मर्यादा पाठ लपवत नाही, उलट विद्यार्थ्याला ती आज्ञा मुद्दाम द्यायला लावतो. आपले साधन काय करत नाही हे पहिल्याच तासात दाखवणारी पाठ्यपुस्तके फारशी आढळत नाहीत.

‘सोपा’ या शब्दाचा अर्थ

हाच प्रामाणिकपणा पूर्वतयारीच्या टिपणांत आढळत नाही. मिनिनेट मिळवण्याचे तीन मार्ग दिलेले आहेत : तयार आभासी यंत्र उतरवून घेणे, मूळ संहितेवरून प्रस्थापित करणे आणि लिनक्स वितरणातील पॅकेजवरून प्रस्थापित करणे. पहिल्या मार्गापुढे तो सोपा असून शिफारस केलेला आहे, असा शेरा आहे. हा शेरा चुकीचा नाही. पण तो कोणासाठी सोपा, या प्रश्नाचे उत्तर त्यात गृहीत धरलेले आहे.

ज्याच्या संगणकात प्रक्रियकाचे आभासीकरण-साह्य बायॉसमधून सुरू केलेले आहे, स्मृती पुरेशी आहे आणि प्रशासकाचे अधिकार हाती आहेत, त्याला हा मार्ग खरोखर सोपा आहे. प्रयोगशाळेत बहुधा या तीनपैकी एक अट मोडते. २०१९ च्या डिसेंबरात आलेल्या व्हर्च्युअलबॉक्सच्या ६.१ आवृत्तीपासून प्रक्रियकाचे साह्य नसेल तर आभासी यंत्र चालतच नाही. त्याच्या एक वर्ष आधी ६.० आवृत्तीने ३२ बिटांच्या मूळ प्रणालींचा आधार काढून घेतला होता. विंडोजमध्ये हायपर-व्ही सुरू असेल तर व्हर्च्युअलबॉक्स चालते, पण मंदावते, आणि खिडकीच्या तळाशी एक हिरवे कासव दिसू लागते. त्या कासवाचा अर्थ विद्यार्थ्याला कोणी सांगत नाही. २०२० च्या नोव्हेंबरात ॲपलने स्वतःच्या एम१ प्रक्रियकाचे संगणक बाजारात आणले. त्यांवर इंटेल-घराण्यातील प्रक्रियकांसाठी बांधलेली तयार इमेज आभासीकरणाने चालू शकत नाही, तिचे अनुकरण करावे लागते आणि ते फार संथ असते.

अशा कोणत्याही कारणाने प्रात्यक्षिकाचे दोन तास वाया गेले तर ते ‘तांत्रिक अडचण’ या सदरात जमा होतात. वास्तविक प्रक्रियक, बायॉस, मूळ प्रणाली आणि अतिथी प्रणाली यांचे परस्परसंबंध हा प्रणालीशास्त्राचा अभ्यासविषयच आहे. पोपेक आणि गोल्डबर्ग यांनी १९७४ मध्ये आभासी यंत्राची व्याख्या खऱ्या यंत्राची कार्यक्षम आणि विलग अशी प्रतिकृती म्हणून केली. या व्याख्येतील ‘कार्यक्षम’ हा शब्द हिरव्या कासवाने मोडतो आणि ‘विलग’ हा शब्द जाळे जोडताच प्रश्नांकित होतो. ही दोन वाक्ये टिपणांत असती तर वाया गेलेला तास पाठाचा भाग झाला असता.

तीन पत्ते

लेखाचा मुख्य मुद्दा येथे येतो. टिपणांनुसार यंत्र सुरू करणाऱ्या विद्यार्थ्यासमोर अर्ध्या तासाच्या आत तीन वेगवेगळ्या कुळांतील आयपी पत्ते येतात. व्हर्च्युअलबॉक्सच्या नॅट पद्धतीने जोडलेला इंटरफेस १०.०.२.१५ हा पत्ता दाखवतो. टिपणांच्या सांगण्यावरून जोडलेला दुसरा, केवळ मूळ संगणकाशी बोलणारा इंटरफेस १९२.१६८.५६ ने सुरू होणारा पत्ता घेतो. बहुधा १०१ हा त्याचा शेवटचा आकडा असतो. मिनिनेट सुरू झाल्यावर पहिल्या होस्टचा पत्ता १०.०.०.१ असा येतो. दुसऱ्या इंटरफेसला पत्ता मिळाला नाही तर डीएचसीपीची एक आज्ञा द्यावी, असे सांगितले जाते. विद्यार्थी ती देतो, पत्ता येतो, आणि पाठ पुढे सरकतो.

या तीन पत्त्यांत पहिल्या सत्राचा निम्मा अभ्यासक्रम सामावलेला आहे. १०.०.२.१५ हा पत्ता वर्गातील प्रत्येक विद्यार्थ्याच्या यंत्राला मिळतो आणि तरीही कोणाचाही कोणाशी संघर्ष होत नाही. हे कसे, हा नॅट समजावण्याचा सर्वांत सरळ प्रश्न होय. उत्तरासाठी कुठलीही आकृती लागत नाही, शेजारच्या बाकावरील पडदा पाहिला की पुरते. बाहेरच्या जगात जायला मिळते पण बाहेरून आत येता येत नाही, म्हणून दुसरा इंटरफेस लागतो. तो का लागतो हे टिपणे सांगत नाहीत, फक्त तो जोडा असे सांगतात.

याहून सूक्ष्म गोष्ट तिसऱ्या पत्त्यात आहे. मिनिनेट आपल्या होस्टना पत्ते देताना मुळात १०.०.०.० हे संपूर्ण ८ बिटांच्या उपसर्गाचे क्षेत्र धरते; इंटरफेसची माहिती मागितली तर मुखवटा २५५.०.०.० असा दिसतो. याचा अर्थ १० ने सुरू होणारा जगातील प्रत्येक पत्ता आपल्याच गल्लीत राहतो, अशी त्या होस्टची समजूत असते. व्हर्च्युअलबॉक्सचे प्रवेशद्वार १०.०.२.२ या पत्त्यावर असते. मिनिनेटमध्ये बाहेर जाण्याचा नॅट जोडून पहिल्या होस्टवरून या पत्त्याला पिंग केले तर ते पोचत नाही, कारण होस्ट ते पॅकेट प्रवेशद्वाराकडे पाठवण्याऐवजी आपल्याच तारेवर ‘हा पत्ता कोणाचा’ अशी एआरपीची हाक देत बसतो. इंटरनेटवरील दूरचा पत्ता मात्र त्याच वेळी व्यवस्थित उत्तर देतो. जवळचे दिसत नाही आणि लांबचे दिसते, असा हा चमत्कार सबनेट मुखवटा शिकवण्यासाठी मुद्दाम रचला असता तरी इतका चांगला जमला नसता. तो तयार इमेजमध्ये आपोआप घडतो. परिचयपाठात त्याचा मागमूस नाही, आणि ज्या विद्यार्थ्याला तो भेटतो तो ‘इंटरनेट चालत नाही’ असे म्हणून यंत्र पुन्हा सुरू करतो.

प्रयोगशाळेत एकच इमेज चाळीस संगणकांवर उतरवली जाते तेव्हा आणखी एक गोष्ट घडते. यंत्रे ब्रिज पद्धतीने महाविद्यालयाच्या जाळ्याला जोडली आणि आयात करताना मॅक पत्ते नव्याने निर्माण केले नाहीत, तर एकाच मॅक पत्त्याची अनेक यंत्रे एका जाळ्यावर येतात. मॅक पत्ते बदलले तरी सुटका होईलच असे नाही. उबुंटूच्या १८.०४ पासूनच्या सर्व्हर आवृत्त्यांत डीएचसीपीची मागणी करताना यंत्र आपली ओळख मॅक पत्त्याऐवजी मशीन-आयडी या फाइलवरून बनवलेल्या खुणेने देते, आणि ती फाइल इमेजबरोबर जशीच्या तशी नकलली गेलेली असते. वेगळे मॅक पत्ते असूनही डीएचसीपी सर्व्हर दोघांना एकच आयपी पत्ता देऊ शकतो. प्रयोगशाळा-साहाय्यक अशा वेळी जाळ्याची तार तपासतात.

सुरक्षिततेचा प्रश्नही याला लागूनच येतो. इमेजचे वापरकर्तानाव आणि परवलीचा शब्द दोन्ही ‘मिनिनेट’ हेच आहेत आणि ते सर्वांना ठाऊक आहेत. प्रशासकाची आज्ञा देताना परवलीचा शब्द विचारलाही जात नाही. नॅटच्या आडोशाला हे चालून जाते. ब्रिज केल्याबरोबर तेच यंत्र संपूर्ण महाविद्यालयासाठी उघडे दार होते. येथे दोष इमेजचा मानता येणार नाही, कारण शिकवण्याच्या यंत्रावर कुलूप लावणे हे अध्यापनाच्या आड येते; पण नॅट, ब्रिज आणि केवळ-मूळ-संगणक या तीन पद्धतींतील निवड ही सुरक्षिततेची निवड आहे, हे टिपणांनी सांगायला हवे होते.

वायरशार्कचा क्रम

परिचयपाठाच्या रचनेतही एक दोष या पूर्वतयारीतून उतरला आहे. पाठाच्या अगदी आरंभी वायरशार्क हे चित्रमय साधन सुरू करायला सांगितलेले आहे. मिनिनेटच्या यंत्राला स्वतःचा चित्रमय पडदा नसल्याने त्यासाठी एक्स-विंडो पद्धतीने चित्र मूळ संगणकावर आणावे लागते. विंडोजवर एक्समिंग, ॲपलच्या संगणकावर एक्सक्वार्ट्झ अशी वेगळी साधने बसवावी लागतात. एकही पॅकेट पाहण्यापूर्वी विद्यार्थी पडदा उघडता येत नाही या सूचनेशी झगडत बसतो. टीसीपीडंप हे अक्षरी साधन लिनक्सवर वर्षानुवर्षे वापरात आहे, त्याला पडदा लागत नाही. वायरशार्कची रंगीत मांडणी दृष्टीस सुखावते हे खरे. पण ज्या जागी ती मांडली आहे तेथे ती सुखापेक्षा अडथळाच अधिक ठरते. हा क्रम उलटा असता तर पाठाचे काही बिघडले नसते.

इमेजचे वय

छापील पुस्तक जुने होते तेव्हा त्याचे पान पिवळे पडते. इमेज जुनी झाल्याचे बाहेरून कळत नाही. पायथन २ चा आधार २०२० च्या १ जानेवारीस संपला. मिनिनेटच्या पाठांत वापरला जाणारा पॉक्स हा नियंत्रक मुळात त्याच भाषावृत्तीत लिहिलेला होता. त्याच्या नंतरच्या आवृत्तीने पायथन ३ स्वीकारले. परिचयपाठात होस्टवर छोटा वेब-सर्व्हर चालवण्याचा एक भाग आहे आणि त्या सर्व्हरचे नाव पायथनच्या दोन वृत्तींत निरनिराळे आहे. पाठाने याची नोंद घेऊन दोन्ही नावे दिली आणि आपल्या आवृत्तीशी जुळवून घ्या असे सांगितले, हे योग्यच झाले. पण महाविद्यालयाच्या पेन-ड्राइव्हवर आठ वर्षांपूर्वी उतरवलेली इमेज आणि आज वाचला जाणारा पाठ यांची जोड कोण जुळवणार? उबुंटू १४.०४ चा सर्वसाधारण आधार २०१९ मध्ये आणि २०.०४ चा २०२५ मध्ये संपला. या दोन्हींवर मिनिनेटच्या इमेज बांधल्या गेल्या आहेत. आधार संपलेली प्रणाली चालू राहते, आणि येथे ते सोयीचेही आहे, कारण न बदलणारी प्रणाली हीच तयार इमेजची खरी किंमत असते. गेल्या वर्षी आलेले उत्तर याही वर्षी येते. परंतु ती यंत्रणा जगाशी जोडायची नाही, हे पथ्य तेव्हा अनिवार्य होते, आणि पॅकेज नव्याने बसवण्याच्या आज्ञा अशा यंत्रावर अपेक्षेप्रमाणे चालतीलच असेही नाही.

मोजलेले काय?

जर्नलमध्ये उतरवल्या जाणाऱ्या आकड्यांविषयी स्वतंत्रपणे लिहिणे आवश्यक आहे. दोन होस्टांमधील वहनक्षमता मोजण्याची आज्ञा पाठात आहे. कोणतीही मर्यादा घातलेली नसेल तर येणारे उत्तर सेकंदाला अनेक गिगाबिट असते, आणि प्रत्येक विद्यार्थ्याचे वेगळे असते. विद्यार्थी त्या आकड्याखाली ‘जाळ्याची वहनक्षमता’ असे लिहितो. वस्तुतः तेथे तारच नाही. मोजला गेला तो प्रक्रियकाचा स्मृतीतून स्मृतीत नक्कल करण्याचा वेग. आभासी यंत्राला एकच प्रक्रियक-गाभा दिलेला असेल आणि मूळ संगणकावर त्याच वेळी ब्राउझरच्या वीस खिडक्या उघड्या असतील, तर आकडा खाली येतो. जाळे मात्र तेच असते.

या मर्यादेची जाणीव मिनिनेटच्या कर्त्यांना पहिल्यापासून होती. जास्त भाराखाली कामगिरीचा खरेपणा टिकत नाही, हे त्यांनी २०१० च्या निबंधातच मान्य केले आहे. २०१२ मध्ये त्यांच्याच गटाने प्रत्येक होस्टला प्रक्रियकाचा ठरावीक वाटा देऊन आणि दुव्यांवर मर्यादा घालून हा खरेपणा कसा राखता व तपासता येईल याची मांडणी केली. स्टॅनफर्डमधील एका अभ्यासक्रमात तर विद्यार्थ्यांनी प्रसिद्ध शोधनिबंधांतील निष्कर्ष पुन्हा काढून पाहायचे, असा परिपाठच ठेवला गेला. त्या अनुभवावर लिसा यान आणि मॅककिऑन यांनी २०१७ मध्ये लिहिले. म्हणजे साधन संशोधनाला पुरे पडते. अट एवढीच की आपण यंत्राच्या कुवतीच्या आत आहोत की बाहेर, हे वापरणाऱ्याला कळले पाहिजे. तयार इमेज उघडताना विद्यार्थी प्रक्रियक-गाभे आणि स्मृती या रकान्यांकडे न पाहता पुढे जातो. कारण ते रकाने ‘पूर्वतयारी’त मोडतात.

इतरांनी काय केले

तुलनेसाठी इटलीतील रोमा ट्रे विद्यापीठात विकसित झालेले नेटकिट घेता येईल. त्यात प्रत्येक होस्ट हा यूजर-मोड लिनक्सवर चालणारा वेगळा गाभा असे आणि तो चालवण्यास प्रशासकाचे अधिकार लागत नसत. कथारा या त्याच्या वारसाने हीच कल्पना डॉकर कंटेनरवर आणली. पाठ्य म्हणून नेटकिटचे वैशिष्ट्य वेगळेच आहे. त्यातील ‘प्रयोगशाळा’ म्हणजे एक फोल्डर : कोणते यंत्र कोणत्या तारेला जोडले आहे हे सांगणारी एक मजकूर-फाइल, आणि प्रत्येक यंत्र सुरू होताना द्यायच्या आज्ञांची एकेक फाइल. जे उभे राहते ते सर्व वाचता येते. शिक्षकाला ते तपासता येते, विद्यार्थ्याला त्यातील एक ओळ बदलून काय मोडते ते पाहता येते. गिगाबाइटच्या मापाची इमेज अशी वाचता येत नाही. मिनिनेटमध्येही पायथनमधून जाळ्याची रचना लिहिता येते आणि ती रचना तितकीच वाचनीय असते. वाचता न येणारा भाग आहे तो तिच्याखालचे यंत्र.

सिराक्यूज विद्यापीठातील वेनलियांग डू यांनी २००२ पासून विकसित केलेल्या सीड प्रयोगमालेने येथे अधिक शहाणपणाचा मार्ग धरला. तयार इमेज त्यांनीही दिली. पण कोऱ्या उबुंटूवर आज्ञावली चालवून तेच यंत्र स्वतः कसे बांधावे याची मार्गदर्शिकाही दिली. ज्याला घाई आहे त्याने पेटी उघडावी आणि ज्याला पेटी कशी बनली ते पाहायचे आहे त्याने ती बनवावी, अशी दोन्ही दारे तेथे उघडी आहेत. मिनिनेटचा दुसरा आणि तिसरा मार्गही अस्तित्वात आहे हे खरे. तो अनुभवी वापरकर्त्यांसाठीचा पर्याय म्हणून मांडला आहे, अभ्यासाचा टप्पा म्हणून नाही.

भाषेचा प्रश्न येथे टाळता येणार नाही. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने लिनक्सवरील ध्वनिचित्र-पाठ मराठीसह अनेक भारतीय भाषांत उपलब्ध करून दिले. पाठ सुमारे दहा मिनिटांचा, आणि विद्यार्थ्याने तो पाहता पाहता शेजारच्या खिडकीत तीच कृती स्वतः करायची, ही त्याची पद्धत. ग्रामीण भागातील महाविद्यालयांत लिनक्सची पहिली ओळख अशा पाठांनी करून देता येते, याचे मोल मोठे आहे. परंतु ध्वनिचित्र-पाठात सर्व काही यशस्वीच होते. निवेदकाची आज्ञा कधी फसत नाही. विद्यार्थ्याच्या खिडकीत इंग्रजीतून आलेली चूक-सूचना वाचायची कशी, याचे शिक्षण यशस्वी कृतींच्या मालिकेतून मिळत नाही. आणि आभासी यंत्र उभारताना ज्या सूचनांशी गाठ पडते त्या तर मराठीत समजावलेल्या क्वचितच आढळतात. पूर्वतयारीची उपेक्षा मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याला अशी दुप्पट भोवते. इंग्रजी माध्यमातून आलेला विद्यार्थी निदान सूचनेचा मजकूर वाचून शोध घेऊ शकतो. दुसरा शेजाऱ्याची इमेज पेन-ड्राइव्हवर घेतो आणि सुरू करतो.

तासिकांची वाटणी

तयार इमेज टाकून द्यावी, असा या विवेचनाचा अर्थ नाही. चाळीस विद्यार्थ्यांच्या वर्गात पहिल्याच दिवशी प्रत्येकाला मूळ संहितेवरून मिनिनेट बांधायला लावणे हा अव्यवहार होईल, आणि पिंगच्या दोन वेगवेगळ्या काळांचा तो सुंदर प्रयोग तिसऱ्या आठवड्यापर्यंत लांबणीवर पडेल. पहिले प्रात्यक्षिक तयार इमेजवरच व्हावे. मात्र त्या प्रात्यक्षिकात मिनिनेट सुरू करण्यापूर्वी यंत्राचे इंटरफेस आणि मार्ग-तक्ता कागदावर उतरवून घ्यावा, आणि सुरू केल्यानंतर पहिल्या होस्टचा पुन्हा उतरवावा. तिन्ही पत्ते एकाच पानावर आले की पुढचे प्रश्न विद्यार्थीच विचारू लागतात.

दुसरे किंवा तिसरे प्रात्यक्षिक कोऱ्या उबुंटू सर्व्हरला द्यावे. पॅकेजवरून मिनिनेट बसवणे ही एका आज्ञेची कृती आहे. त्यामागोमाग नियंत्रक मिळत नाही अशी तक्रार येण्याचा संभव असतो, आणि मग स्विचला नियंत्रकाविना साध्या स्विचप्रमाणे वागायला लावावे लागते. ही तक्रार आणि तिचे निवारण हाच त्या दिवसाचा पाठ मानावा. त्यानंतर मिनिनेटशिवाय, केवळ लिनक्सच्या मूळ आज्ञांनी दोन नेमस्पेस बनवून, आभासी इथरनेटच्या जोडीने जोडून पिंग करावे. जेमतेम सहा-सात आज्ञा लागतात. मिनिनेट आतून काय करते याचे यापेक्षा चांगले विवरण कोणत्याही ग्रंथात मिळणार नाही. ॲपलच्या नव्या संगणकांवरील विद्यार्थ्यांची सोयही याच मार्गाने होते, कारण एआरएम प्रक्रियकासाठीचे उबुंटू त्यांवर आभासीकरणाने सुरळीत चालते आणि बाकीच्या पायऱ्या त्याच राहतात.

गुणदानाचा तक्ता मात्र यासाठी बदलावा लागेल. सध्या जर्नलच्या पानावर सर्व होस्टांना पिंग केल्याचे शून्य टक्के गळतीचे छापील उत्तर चिकटवलेले असले की प्रात्यक्षिक पूर्ण समजले जाते. तयार इमेज हे उत्तर विद्यार्थ्याच्या सहभागाशिवाय देते. आज्ञा टंकलिखित करणे एवढाच त्याचा वाटा असतो. १०.०.२.२ ला पिंग का पोचले नाही हे चार ओळींत लिहिणाऱ्या विद्यार्थ्याच्या पानावर शंभर टक्के गळती दिसते, आणि बाह्य परीक्षक तोंडी परीक्षेत त्याला बहुधा हेच विचारतात की तुझे आउटपुट का आले नाही.